केवड्याची शंभर वर्षे : भेंडी, टोमॅटो आणि पुण्यात सुटलेले एक कोडे

धागा

१.
मे २०२०. टाळेबंदीचे दिवस. अकोले, संगमनेर, जुन्नर या पट्ट्यातील टोमॅटोच्या मळ्यांत एक विचित्र फळ दिसू लागले. ते एकसारखे पिकत नसे. एक बाजू लाल, दुसरी पिवळी, मध्येच हिरवे राहिलेले चट्टे. कापून पाहिले तर आतला गरही बिघडलेला. शेतकऱ्यांनीच या रोगाला नाव दिले : ‘तिरंगा’. रोपे, ताटी, सुतळी, ठिबक, औषधे असा सगळा खर्च करून उभा केलेला माल व्यापारी उचलेनासे झाले. अनेकांनी उभ्या पिकात जनावरे सोडली.

२.
त्या उन्हाळ्यात ‘विषाणू’ हा शब्दच भयाचा झाला होता. त्यामुळे टोमॅटो खाऊन माणसालाही काही होईल, अशी आवई उठली. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत, हे सांगत फिरण्याची वेळ शेतकरी संघटनांवर आणि कृषी विभागावर आली. शेतकऱ्यांचा संशय बियाण्यावर होता. नमुने बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेकडे गेले. तपासणीत प्रामुख्याने ‘कुकुंबर मोझॅक’ हा विषाणू आढळला. त्याचा वाहक आपल्या ओळखीचा आहे : मावा.

३.
‘हे नवीनच काय आले?’ हा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला. प्रत्यक्षात भाजीपाल्यावरील विषाणू आणि त्यांना वाहून नेणारे कीटक यांचा महाराष्ट्रातील लेखी इतिहास जवळपास शंभर वर्षांचा आहे. त्याचे पहिले महत्त्वाचे अध्याय पुण्यात लिहिले गेले आणि त्यांचा नायक टोमॅटो नव्हता, भेंडी होती. या धाग्यात ती हकिकत क्रमाने पाहू. रोगाचे कारण कळले, वाहक सापडला, प्रतिकारक वाण निघाले, तरीही रोग का हटला नाही, हा आपला मुख्य प्रश्न.

४.
प्रथम स्थळ. १९०७ साली पुण्यात स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले आणि मुंबई इलाख्याच्या शेतीसंशोधनाचे ते केंद्र बनले. शिवाजीनगरच्या त्या आवारातून पश्चिमेला निघाले की चांदणी चौक, बावधन आणि मग पौड रस्त्यावरचे भूगाव. तिथून पुढे सारा मुळशी तालुका. त्या काळी हा पट्टा प्रामुख्याने पावसावरच्या भाताचा. भाजीपाला म्हणजे परसातली, बांधावरची, विहिरीच्या कडेची लागवड. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

५.
आता शब्द. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक होतात, शिरांमधला भाग काही काळ हिरवा राहतो, त्यामुळे पानावर सोनेरी जाळी विणल्यासारखी दिसते. पुढे पान पांढुरके पडते, फळे आखूड, फिकट आणि निबर होतात. शेतकरी याला ‘केवडा’ म्हणतात, काही भागांत ‘हळद्या’. गंमत अशी की ज्वारीच्या एका रोगालाही केवडाच म्हणतात. पण ज्वारीचा केवडा बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो, भेंडीचा विषाणूमुळे. शेतकऱ्याने रंग पाहून नाव दिले. कारण शोधणे हे प्रयोगशाळेचे काम होते.

६.
योगायोग पाहा. ज्वारी-बाजरीच्या केवड्यावर ज्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काम केले, त्या जी. एस. कुलकर्णी यांनीच १९२४ मध्ये ‘पूना ॲग्रिकल्चरल कॉलेज मॅगझिन’मध्ये मुंबई इलाख्यातील पिकांच्या मोझॅक आणि तत्सम रोगांवर लेख लिहिला. भेंडीच्या या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद म्हणून आजही जगभरचे संशोधक त्याच लेखाचा दाखला देतात. महाविद्यालयाच्या नियतकालिकातला सहा-सात पानांचा लेख शंभर वर्षांनंतरही संदर्भांत टिकून राहावा, हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते.

७.
मात्र १९२४ साली ‘विषाणू’ म्हणजे नेमके काय, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. १८९२ मध्ये रशियात इवानोव्हस्की यांनी दाखवले होते की तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला तरी तो रोगकारक राहतो. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी त्याला ‘सजीव संसर्गी द्रव’ मानले. विषाणूचे स्फटिक वेगळे करण्यासाठी १९३५ साल उजाडावे लागले आणि त्याचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला १९३९. कुलकर्णी यांच्या टेबलावर यातले काहीही नव्हते.

८.
मग जे दिसत नाही ते सिद्ध कसे करायचे? त्या काळच्या वनस्पती-रोगशास्त्रज्ञांचे उत्तर साधे आणि कष्टाचे होते : रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन दाखवायचा. त्यासाठी तीन वाटा. रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळायचा. रोगट फांदीचे निरोगी झाडावर कलम करायचे. किंवा रोगट झाडावर बसलेला कीटक निरोगी झाडावर सोडायचा. तंबाखूच्या मोझॅकमध्ये पहिली वाट चालली होती. भेंडीच्या केवड्यात रस चोळून काहीच घडत नसे. कलम मात्र लागू पडत होते.

९.
१९४० मध्ये बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर या पुण्यात काम करणाऱ्या तिघांनी ‘करंट सायन्स’मध्ये भेंडीच्या या रोगावर टिपण प्रसिद्ध केले. हा रोग विषाणूजन्य असल्याचे त्यांनी मांडले. ‘यलो व्हेन मोझॅक’ हे आज जगभर रूढ असलेले नावही याच कामातून पुढे आले. उप्पल हे मुंबई सरकारचे वनस्पती-रोगशास्त्रज्ञ होते. त्यांनीही ज्वारीच्या केवड्यावर काम केलेले होते. म्हणजे एकाच नावाचे दोन रोग आणि त्यांचा माग काढणारी माणसेही एकाच परंपरेतली.

१०.
शेतात तर कोणी कलम करत फिरत नाही. मग रोग एका वाफ्यातून दुसऱ्यात जातो कसा? संशयित होता पानाच्या मागच्या बाजूला राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, पिठूळ पंखांचा कीटक : पांढरी माशी. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८८९ मध्ये ग्रीसमध्ये तंबाखूवरून झाले होते. म्हणून तिचे नाव ‘बेमिसिया टॅबॅसाय’. १९२९ मध्ये बिहारमधील पुसा येथील संशोधक मिश्रा आणि लांबा यांनी भारतातील कापसावरच्या माशीला वेगळे नाव दिले होते. ती हीच माशी, हे पुढे ठरले.

११.
पांढरी माशी रोग वाहते, ही कल्पना तोवर हवेत होती. सुदानमध्ये कापसाच्या पाने वळण्याच्या रोगात तिचा हात असल्याचे १९३०-३१ च्या सुमारास कर्कपॅट्रिक यांनी दाखवले होते. उत्तर भारतात तंबाखूच्या तशाच रोगावर प्रुथी आणि सॅम्युएल यांचे काम १९३० च्या दशकात सुरू झाले. भेंडीच्या बाबतीत सविस्तर पुरावा पुण्याच्या मंडळींनी दिला : १९५० मध्ये कपूर आणि वर्मा यांचा प्रदीर्घ निबंध आणि १९५२ मध्ये विषाणू व पांढरी माशी यांच्या परस्परसंबंधांवर वर्मा यांचा स्वतंत्र अभ्यास.

१२.
अशा प्रयोगाची रीत समजून घेण्याजोगी आहे. कीटक आत येणार नाहीत अशा जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी रोपे वाढवायची. वेगळ्या पिंजऱ्यात निरोगी माश्यांची पैदास करायची. त्यांतल्या काही रोगट पानावर ठरावीक वेळ बसू द्यायच्या आणि मग मोजून निरोगी रोपांवर सोडायच्या. शेजारी तितकीच रोपे, ज्यांच्यावर रोगट पानाला न शिवलेल्या माश्या. मग दिवस मोजत बसायचे. वर्मा यांच्या अभ्यासातून दिसले की एकटी माशीही रोग देऊ शकते आणि नरापेक्षा मादी या कामात अधिक तरबेज असते.

१३.
या निष्कर्षांचा अर्थ शेतीसाठी फार मोठा होता. पांढरी माशी विषाणू केवळ सोंडेला लावून नेत नाही. तो तिच्या शरीरात जातो, आतड्यातून रक्तद्रवात, तिथून लाळेत आणि मग पुढच्या झाडात. एकदा विषाणू घेतलेली माशी दीर्घकाळ रोग पसरवत राहते. हा विषाणू मुख्यतः बियाण्यातून येत नाही. तो शेजारच्या जुन्या भेंडीतून, रानभेंडीसारख्या कुळभाईंतून, तणांतून येतो. म्हणजे रोगाचे घर शेताच्या बाहेरही असते आणि बांध त्याला अडवत नाही.

१४.
लागण कधी होते यावर सारे अवलंबून असते. शास्त्री आणि सिंग यांनी १९७४ मध्ये भेंडीवरील प्रयोगांचे आकडे प्रसिद्ध केले. उगवणीनंतर ३५ दिवसांत लागण झाली तर उत्पादनातील घट ९४ टक्के. ५० दिवसांनी झाली तर ८४ टक्के. ६५ दिवसांनी झाली तर ४९ टक्के. याचा अर्थ असा की लागण महिनाभर जरी लांबवता आली तरी निम्मे पीक हाती लागते. रोग मारता येत नसेल, तर त्याला उशीर करणे हीच शेतकऱ्याची खरी कमाई.

१५.
आता टोमॅटोकडे वळू. दक्षिण अमेरिकेतून युरोपियनांमार्फत आलेले हे फळ आपल्याकडे तसे अलीकडचे. विदर्भात त्याला ‘भेदरे’ हे देशी नावही मिळाले. टोमॅटोची पाने वाटीसारखी वळतात, बारीक होऊन गुच्छ धरतात, झाड खुरटते, फुले गळतात. मराठीत हा ‘पर्णगुच्छ’ किंवा ‘चुरडामुरडा’. भारतातील या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून वासुदेव आणि सॅम राज यांनी १९४८ मध्ये केले. वाहक पुन्हा तीच : पांढरी माशी.

१६.
टोमॅटोवर मात्र एकच दूत येत नाही. दुसरा फुलकिडे. १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियात टोमॅटोची पाने काळवंडून मरणारा रोग दिसला. फुलकिडे तो पसरवतात हे पिटमन यांनी १९२७ मध्ये दाखवले आणि तो विषाणू असल्याचे १९३० मध्ये सिद्ध झाले. भारतातही याच विषाणूचा उपद्रव आहे असे बरीच वर्षे मानले जात होते. भुईमुगावरील कामातून १९९२ मध्ये स्पष्ट झाले की आपल्याकडचा विषाणू त्याचा नातेवाईक असला तरी वेगळा आहे. भुईमुगाची शेंडेमर करणारा हाच विषाणू टोमॅटोलाही ग्रासतो.

१७.
तिसरा दूत मावा, म्हणजे २०२० च्या ‘तिरंग्या’चा संशयित. कुकुंबर मोझॅक हा विषाणू १९१६ मध्ये अमेरिकेत काकडीवर वर्णिला गेला. नाव काकडीचे असले तरी हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींत तो राहू शकतो : मिरची, केळी, वेलवर्गीय भाज्या, फुलझाडे, तणे. महाराष्ट्रात केळीवर ‘सीएमव्ही’ हे नाव जळगावच्या शेतकऱ्याला चांगलेच परिचित आहे. टोमॅटोच्या मळ्यात तो २०२० मध्ये आकाशातून पडला नव्हता.

१८.
तिन्ही दूतांची चाल निराळी आहे आणि इथेच औषधफवारणीचे गणित फसते. मावा विषाणू सोंडेच्या टोकाला घेतो. काही सेकंदांत उचलतो, काही सेकंदांत देतो आणि थोड्याच वेळात तो गमावतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. उलट, त्रासलेला मावा जास्त झाडांना सोंड लावून पाहतो. फुलकिड्याला विषाणू बाल्यावस्थेतच घ्यावा लागतो. पण एकदा घेतला की तो त्याच्या शरीरात वाढतो आणि प्रौढ कीटक जन्मभर तो पसरवतो. पांढरी माशी या दोहोंच्या मधली : सावकाश घेते, दीर्घकाळ देते.

१९.
फवारणी पुरी पडत नाही हे कळल्यावर संशोधक बियाण्याकडे वळले. दिल्लीत ‘पुसा मखमली’ ही भेंडी आणि पश्चिम बंगालमधून आलेला एक वाण यांच्या संकरातून १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘पुसा सावनी’ तयार झाली. हे यश विलक्षण होते. देशभर भेंडी म्हणजे पुसा सावनी असे समीकरण झाले. पण त्यात एक मेख होती. बंगालच्या त्या वाणात विषाणू शिरत होता, फक्त लक्षणे दिसत नव्हती. पुढच्या काळात पुसा सावनीवर केवडा पुन्हा उघडपणे दिसू लागला.

२०.
पुढचा अध्याय मराठवाड्याचा. १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तिथे एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी लागवडीच्या भेंडीबाहेर, तिच्या कुळातल्या दुसऱ्या जातीत प्रतिकारशक्ती शोधली. ‘ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट’ या जातीशी पुसा सावनीचा संकर केला. दोन भिन्न जातींची अशी संतती बहुधा वांझ निघते. म्हणून ती पुन्हा पुन्हा भेंडीशी जुळवत, फळाची प्रत आणि प्रतिकारशक्ती दोन्ही राखत निवड करावी लागली. या वाणाचे नाव ‘परभणी क्रांती’. त्याची माहिती १९८६ मध्ये ‘हॉर्टसायन्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

२१.
ज्या पिशव्यांवर ‘परभणी क्रांती’ असे छापलेले असे, त्या बियाण्यावर महाराष्ट्रात आणि बाहेरही कितीतरी मळे उभे राहिले. परंतु क्रांतीलाही वय असते. कालांतराने या वाणाचीही प्रतिकारशक्ती ढळू लागली. टोमॅटोत हाच क्रम घडला. रानटी टोमॅटोंच्या जातींतून प्रतिकारक जनुके आणली गेली. बेंगळुरूच्या संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींना तोंड देणारा म्हणून गाजला. तरीही शर्यत संपलेली नाही.

२२.
शर्यत न संपण्याचे एक कारण म्हणजे प्रतिस्पर्धीही बदलतो. १९८० च्या दशकात जगभर पांढऱ्या माशीचा एक अधिक प्रजननक्षम आणि अधिक खादाड प्रकार पसरू लागला. रोपे आणि शोभेची झाडे यांच्या व्यापारातून तो खंड ओलांडत गेला. भारतात त्याची पहिली नोंद १९९९ मध्ये कर्नाटकातील कोलार या टोमॅटोच्या आगरात झाली आणि त्याच सुमारास तिथे पर्णगुच्छाने थैमान घातले. दिसायला दोन्ही माश्या सारख्याच. फरक आहे तो जनुकांत आणि भुकेत.

२३.
दुसरे कारण विषाणूच्या घडणीत होते. १९७७-७८ मध्ये कळले की या गटातील विषाणूंचे कण जुळ्यासारखे चिकटलेले असतात. म्हणून राशीचक्रातील मिथुनाच्या लॅटिन नावावरून त्यांना ‘जेमिनी’ म्हटले गेले. आणि २००३ मध्ये मदुराईच्या कामराज विद्यापीठातील जोस आणि उषा यांनी भेंडीच्या केवड्याचे मूळ कोडे सोडवले. एकटा विषाणू नेहमीची लक्षणे देत नाही. त्याच्यासोबत ‘उपग्रह’ म्हणता येईल असा डीएनएचा एक छोटा तुकडा लागतो. कुलकर्णी यांच्या लेखापासून या उत्तरापर्यंत ७९ वर्षे गेली.

२४.
त्याच २००३ मध्ये आणखी एक सुंदर दुवा जुळला. इसवी सन ७५२ मध्ये जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांनी उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या एका वनस्पतीवर कविता केली होती. वनस्पतीच्या विषाणुरोगाची ती सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते. त्या वनस्पतीच्या रोगाचा आधुनिक अभ्यास झाला तेव्हा तिथेही जेमिनी विषाणू आणि त्याचा उपग्रह हीच जोडी सापडली. वाहकही पांढरी माशीच. शेतकऱ्याला ज्यात केवडा दिसला, त्यात सम्राज्ञीला शरद ऋतू दिसला होता.

२५.
आज या विषाणूंची नावे गावांवरून ठेवली जातात. टोमॅटो पर्णगुच्छाच्या विषाणूंत नवी दिल्ली आहे, बंगलोर आहे, गुजरात आहे आणि पुणेही आहे. नकाशावर पसरलेली ही नावे एक गोष्ट सांगतात : एका रोगामागे अनेक विषाणू आहेत, ते परस्परांशी जनुकांची देवाणघेवाण करतात आणि त्यामुळे एका वाणाने कायमचा प्रश्न सुटेल ही आशा फारशी टिकत नाही.

२६.
आता धाग्याच्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. शंभर वर्षांत रोगाविरुद्ध दोन मार्ग दिसले. एक बियाण्याचा. तो सोपा आहे, कारण शेतकरी दुकानात जाऊन एकटा तो विकत घेऊ शकतो. दुसरा मार्ग गावाचा : सर्वांनी मिळून काही काळ ते पीक घ्यायचेच नाही, जुने पीक वेळीच उपटून नष्ट करायचे, म्हणजे माशीला खायला आणि विषाणूला राहायला जागा उरत नाही. आपला बहुतेक पैसा आणि आशा पहिल्या मार्गावर खर्ची पडली आहे.

२७.
दुसरा मार्ग कल्पनेतला नाही. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन रिपब्लिक या देशात १९९० च्या दशकात टोमॅटोवर पर्णगुच्छाचाच एक भाऊबंद आला आणि तिथला टोमॅटो-उद्योग कोसळला. सरकारने वर्षातील सुमारे तीन महिने पांढरी माशी पोसणाऱ्या पिकांवर बंदी घातली. सोबत प्रतिकारक वाणही आणले. उद्योग पुन्हा उभा राहिला. अट एकच होती : बंदी सर्वांनी पाळायची. एकानेही मळा ठेवला तर तो शेजाऱ्यांसाठी रोगाचे कोठार ठरतो.

२८.
‘आपल्याकडे हे कोण पाळणार?’ असे कोणी म्हणेल. इतिहास पाहता ते तितके अशक्य वाटत नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शतकानुशतके चाललेली फड पद्धत आठवा. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली. कोणत्या फडात कोणते पीक, हे शेतकरी मिळून ठरवत आणि पाटकरी त्यानुसार पाणी सोडत. हेतू पाण्याचा होता, रोगाचा नव्हता. पण पिकाचा निर्णय सगळ्यांनी एकत्र घ्यायचा, ही सवय या भूमीला नवखी नाही.

२९.
आणि आता मुळशीचा तो तपशील. पावसावरच्या भातशेतीत हा खंड निसर्गच देत असे. भात कापला की बहुतेक खाचरे कोरडी पडत आणि वळवापर्यंत त्यांत हिरवे फारसे काही नसे. परसातल्या चार भेंड्यांवर माशी कितीशी वाढणार? विहिरी, उपसा योजना, ठिबक आणि शहराची भूक यांनी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात भाजीपाला बारमाही केला. त्यातून शेतकऱ्याच्या हाती रोकड आली, हे खरेच आहे. पण त्याबरोबर माशीलाही बारमाही अन्न मिळाले. जुन्या टोमॅटोशेजारी नवा टोमॅटो, हाच विषाणूचा पूल.

३०.
भूगावात आज खाचरांच्या जागी इमारती वाढल्या आहेत. पण विषाणूला शेत-शहर असा भेद कळत नाही. गच्चीवरच्या कुंडीतली भेंडी, पडीक भूखंडावरची ओसाडी, रस्त्याकडेची रानभेंडी, उरलेल्या मळ्यातली मिरची, या साऱ्यांवर एकच माशी फिरते. गच्चीवर भाजी लावणाऱ्यांनी रोगट झाड ‘बिचारे जगेल’ म्हणून ठेवू नये. ते उपटून पिशवीत बंद करावे. शेजारच्या मळ्यावर हा छोटासा उपकारच आहे.

३१.
शेतकऱ्यांसाठी आजचा सल्लाही याच इतिहासातून आलेला आहे. रोपे कीटकरोधक जाळीखाली वाढवणे, कारण पहिले महिने निर्णायक असतात. मळ्याभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावणे, म्हणजे मावा आधी तिथे सोंड पुसतो. बांधावरची तणे काढणे. पहिली रोगट झाडे दिसताच उपटणे. जुने पीक संपले की लगेच नष्ट करणे. यातली प्रत्येक गोष्ट एकट्याने केली तर थोडी उपयोगी पडते, शिवाराने केली तर बरीच.

३२.
कुलकर्णी, उप्पल, वर्मा, कपूर यांची नावे पुण्यातही फारशी कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्याकडे विषाणू पाहण्याचे साधन नव्हते. जाळीचे पिंजरे होते, कलमाचा चाकू होता आणि दिवस मोजण्याचा धीर होता. रोग शेजारच्या झाडावरून येतो, हे त्यांनी एवढ्या सामग्रीवर सिद्ध केले. २०२० मध्ये आपण पुन्हा बियाण्याच्या पिशवीकडेच बोट दाखवत होतो. पुढच्या वेळी ‘तिरंगा’ दिसेल तेव्हा पहिला प्रश्न हा असावा : शेजारच्या मळ्यात सध्या काय उभे आहे आणि ते कधी निघणार?

धागा समाप्त. तुमच्या भागात भेंडीच्या या रोगाला ‘केवडा’ म्हणतात, ‘हळद्या’ म्हणतात की आणखी काही, ते गावाच्या नावासह जरूर लिहा.